लाकडावरचे पोट्टे

माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं तेव्हा ऐकायला ते एकटेच होते, आणि तोवर नऊ वर्षं निघून गेली होती.

बाबा नागपुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर होते. विद्यार्थ्यांनी सहलीवरून आणलेली झाडं वर्तमानपत्रांत दाबून ठेवायची, रोज कागद बदलायचे, वाळली की जाड कागदावर दोऱ्याने शिवायची आणि कोपऱ्यात नावाची चिठ्ठी लावायची, हे विभागाच्या हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचं काम त्यांच्याकडे होतं. शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. पण चिठ्ठ्यांवरची लॅटिन नावं तेच लिहीत, कारण त्यांच्यासारखं अक्षर विभागात कुणाचं नव्हतं. वर्षानुवर्षं नावं लिहून त्यांना झाडंही ओळखू यायला लागली होती. एखादे प्राध्यापक चुकीचं नाव सांगत तेव्हा बाबा तोंडाने काही बोलत नसत. चिठ्ठी लिहायची थांबवून नुसते उभे राहत. मग प्राध्यापकांना पुन्हा पुस्तक काढावं लागे.

मी त्याच विभागात शिकले. बी.एस्सी.ला पहिली आले तेव्हा एक सर चहा पिता पिता म्हणाले, "हिचं काय, हिच्या घरीच हर्बेरियम आहे. प्रॅक्टिकलच्या वह्या बापच लिहून देत असेल." सगळे हसले. मीही हसले. बाबा त्याच खोलीत कपबशा उचलत होते.

आमच्या घरात आजोबांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. धम्मदीक्षेनंतर घरात पहिली पाटी आली ती बाबांची. त्यांना पुढे शिकायचं होतं, जमलं नाही. त्यामुळे मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. मी मात्र मनाशी एकच ठरवलं होतं. यातली एक ओळसुद्धा बापाने लिहून दिली, असं कुणाला म्हणता येऊ नये.

विषय मार्गदर्शक मॅडमनी दिला होता. हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात नदीकाठचं जंगल कसं तयार होतं, ते पाहायचं. पूर ओसरला की नदी मागे नुसते गोटे सोडून जाते. त्या गोट्यांत आधी चिवट झुडपं येतात, मग काटेरी छरमा, मग विलो, मग अल्डर. अल्डरच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र जमिनीत आणतात. पानं कुजून माती होते. आणि मग कधीतरी त्या मातीत स्प्रूस आणि फर हे उंच, सदाहरित वृक्ष उभे राहतात. आम्ही याला अनुक्रमण म्हणतो. तिथे पाण्यापासून डोंगराच्या दिशेने चालत गेलं तर एका सकाळीत शंभर-दीडशे वर्षं ओलांडून होतात.

मी एकटीच जाणार म्हटल्यावर आईने घर डोक्यावर घेतलं. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते.

"थ्या पहाडात एकटी पोरगी? तुमी जा जी तिच्या संग," आई म्हणाली.

"मी काय करू तिथं?" बाबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा आधीच उजळला होता.

मला ते सोबत नको होते. पण कारण सांगता येत नव्हतं, म्हणून मी दोघांची तिकिटं काढली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूर तव्यासारखं तापलेलं असताना आम्ही निघालो. बाबांनी वीजजोडणीच्या प्लास्टिक नळ्यांची एक मीटरची चौकट घरीच बनवली होती, उघडून पिशवीत मावेल अशी. जुन्या मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा, दाबायच्या फळ्या, पट्टे, सगळं त्यांनी बांधून घेतलं. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे बस, मग दुसरी बस. खोऱ्यात उतरलो तेव्हा त्यांनी आईचा मरून रंगाचा स्वेटर आपल्या स्वेटरवर चढवला होता आणि कानटोपीतून फक्त नाक बाहेर होतं.

पहिल्या दिवशी नदीच्या गोट्यांत उभे राहून ते एका झुडपाकडे बराच वेळ बघत राहिले. बारीक खवल्यांसारखी पानं, गुलाबी तुरे.

"हे तं आपल्या कन्हानचं झाऊ आहे वं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, कन्हान नदी कुठे, हे कुठे. हे वेगळं आहे."

संध्याकाळी पुस्तकात पाहिलं. झाऊच्याच कुळातलं निघालं. मी त्यांना सांगितलं नाही.

आमचं काम ठरलेलं होतं. पाण्यापासून जंगलापर्यंत दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची, आतलं प्रत्येक रोप मोजायचं. बाबा दोरी धरत, मी मोजत असे. गोट्यांतलं, छरम्यातलं काम सोपं गेलं. अल्डरच्या पट्ट्यात मात्र मी अडकले. सगळी पुस्तकं सांगत होती की अल्डरच्या सावलीत स्प्रूसची रोपं यायला हवीत. माझ्या चौकटींत ती येतच नव्हती. गुडघाभर गवत, नेचे, आणि खाली कुजलेल्या पानांचा जाड थर. आठवडाभर मी शून्य, शून्य, शून्य लिहीत होते.

एका दुपारी बाबा जुन्या पुराने आणून टाकलेल्या एका मोठ्या ओंडक्यावर बसून डबा खात होते. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाईंनी आलूचे पराठे बांधून दिले होते. खाता खाता थांबून ते मला म्हणाले,

"बाई, लाकूड आलं का आपण चौकट बाजूले काहून सरकवतो?"

"पद्धत आहे बाबा. मेलेल्या लाकडावर चौकट ठेवत नाहीत. जमिनीवरचं मोजायचं असतं."

"पण पोट्टे तं लाकडावर बसले आहे."

"कोणते पोट्टे?"

"हे का. तुह्या स्प्रूसचे."

मी तिकडे न बघताच वही मिटली. आठवडाभराचा राग होता, तो सगळा बाहेर आला. "बाबा, तुम्हाला कळत नाही त्यात बोलू नका. तुम्ही फक्त दोरी धरा."

त्यांनी उरलेला पराठा कागदात गुंडाळला, हात पँटला पुसले आणि दोरी धरली. त्यानंतर दोन दिवस ते कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. झाडांचे कागद बदलायचं काम मी घेतलं. वर्तमानपत्राची घडी उघडली तर बातमीच्या शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. पहिलं लाकूड, शेवाळ जाड, लहान इतके, मोठे इतके. दुसरं लाकूड, साल शिल्लक, लहान तीन, मोठे नाही. असं एकेका कागदावर. मी चौकटीत डोकं घालून बसले असताना त्यांनी एका हाताने दोरी धरून आजूबाजूचे बावीस ओंडके मोजले होते. कोणतं लाकूड जास्त कुजलंय, कशावर शेवाळ आहे, कुठलं उन्हात आहे, सगळं लिहिलं होतं. तेच सुंदर अक्षर.

मी ते कागद घेऊन नदीकाठी गेले. ओंडक्यावरचं शेवाळ बोटाने बाजूला केलं. करंगळीएवढे स्प्रूस, बाबांचे पोट्टे, एका ओळीत उभे होते. खाली दर हिवाळ्यात पानांच्या थराखाली कोवळं रोप गुदमरून जातं. वर, शेवाळावर, ओलही असते आणि उजेडही. पुरात वाहून आलेलं मेलेलं झाड पुढच्या जंगलाचा पाळणा होत होतं, आणि आमची पद्धत नेमकी तीच जागा वगळत होती.

मी परत येऊन बाबांच्या कपाळावर हात ठेवला. ताप उतरला होता. म्हटलं, "बाबा, उद्यापासून लाकडं मोजू."

"तेच म्हणून राहिलो होतो," ते म्हणाले, आणि पांघरूण ओढून घेतलं. मी चुकले असं मी म्हटलं नाही. त्यांनीही मला ते म्हणायला लावलं नाही.

त्यांचे आकडे मी माझ्या वहीत, माझ्या अक्षरात उतरवून घेतले. कागद तिथेच राहिले. निघायच्या दिवशी त्या बाईंनी शेगडी पेटवायला रद्दी मागितली, तेव्हा मीच गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला.

नागपूरला आल्यावर मॅडमनी माझी टिपणं वाचली आणि खुर्चीत पुढे सरकून बसल्या. "हे फार महत्त्वाचं आहे. तुला कसं दिसलं गं हे?"

मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. वर पंखा फिरत होता. दाराबाहेर तेच सर कुणाशी तरी बोलत होते, ज्यांनी घरच्या हर्बेरियमची गोष्ट केली होती. मी म्हटलं, "डबा खायला बसले होते मॅडम, तेव्हा दिसलं."

इतकं सोपं होतं ते. एकदा म्हटलं आणि मग ते तसंच झालं. शोधनिबंध छापून आला, त्यावर मॅडमचं आणि माझं नाव. शेवटी आभारांत एक ओळ: क्षेत्रकामात मदत केल्याबद्दल वडिलांचे आभार. बाबांनी तो अंक मांडीवर घेऊन आभारांच्या ओळीवर बोट ठेवलं, आपलं नाव एकेक अक्षर करून वाचलं.

"इंग्रजीत चांगलं दिसते नं?" ते आईला म्हणाले.

प्रबंधाची तोंडी परीक्षा विभागाच्या हॉलमध्ये झाली. ती सगळ्यांना खुली असते. बाबा आले, मागच्या रांगेत बसले. पांढरा शर्ट घातला होता. बाहेरगावचे परीक्षक तिसऱ्या प्रकरणावर खूश होते. त्यांनी मुद्दाम विचारलं की ओंडक्यांकडे बघायचं कसं सुचलं. आणि मी रंगवून सांगितलं. दुपारची वेळ, मी दमून ओंडक्यावर बसलेली, हातात मेथीचा पराठा, आणि सहज खाली नजर गेली. हॉल हसला. परीक्षक म्हणाले, "विज्ञानात असंच होतं." टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेकडे पाहिलं नाही.

घरी जाताना बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. सदर भागातल्या सिग्नलला आम्ही थांबलो. मागून आवाज आला, "पराठा आलूचा होता."

"काय?"

"तू मेथीचा म्हणाली. आलूचा होता थो."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी गाडी पुढे काढली.

त्यानंतर मला कायमची नोकरी लागली. त्या नोकरीत तिसऱ्या प्रकरणाचा वाटा मोठा होता. मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच होते. दर वर्षी मी ठरवायची की पुन्हा तिथे जाऊ, तीच लाकडं पुन्हा मोजू, आणि नव्या निबंधावर पहिलं नाव बाबांचं घालू. एका वर्षी परीक्षांची कामं आली, एका वर्षी आईचं ऑपरेशन, एका वर्षी काहीच नाही, नुसता आळस. मग बाबांच्या किडन्या काम करेनाशा झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्यांचे हात, ज्यांनी इतकी झाडं शिवली, ते सुयांनी काळेनिळे झाले.

गेल्याच्या गेल्या वर्षी मेमध्ये तेच म्हणाले, "जाऊन ये वं. पोट्टे केवढे झाले पाहून ये. मले फोटो दाखव."

मी गेले. रस्ता सगळा ओळखीचा होता. नदीकाठी उतरले आणि समोर काहीच नव्हतं. आधीच्या पावसाळ्यात नदीने पात्र बदललं होतं. ती अल्डरच्या पट्ट्याला मधोमध कापून गेली होती. जिथे आम्ही दोरी ताणायचो तिथे पांढरे गोटे होते, डोळ्यांना टोचतील असे. बाविसांतलं एकही लाकूड राहिलं नव्हतं. मी दोन तास खालपर्यंत चालत गेले, कुठे अडकलं असेल म्हणून. मग एका गोट्यावर बसून रडले. मला तिथून एकच गोष्ट न्यायची होती, बाबांच्या नावावर काहीतरी, आणि तेवढंही नदीने ठेवलं नव्हतं.

पलीकडच्या ओढ्याजवळ एका पडलेल्या फरवर मला स्प्रूसची रोपं दिसली. हातभर उंचीची. मी त्यांचा फोटो काढला.

घरी आले त्या सकाळी बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "बघा, केवढे झाले."

त्यांनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला.

"हे आपलं लाकूड नोहे," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला.

"आपली लाकडं वाहून गेली का?"

"हो बाबा."

"सगळीच?"

"सगळीच."

त्यांनी फोन पालथा करून पांघरुणावर ठेवला. आणि मी खाटेच्या कडेवर बसून, त्यांच्या पायाशी, ते सगळं सांगितलं. की तिसरं प्रकरण तुमचं आहे. मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. परीक्षकांशी खोटं बोलले. मुलाखतीत खोटं बोलले. तुमचे कागद शेगडीत घालायला दिले. घाबरले होते मी, लोक म्हणतील बापानेच करून दिलं.

त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "मी तिथंच तं होतो."

मग अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असावेत तसे म्हणाले, "थ्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला होता. वरचं बटनबी लावलं होतं. मले वाटलं, तू म्हणशील, थे मागं बसले नं, थ्यायनं पाह्यलं. म्हणून मी खुर्चीच्या काठावर बसलो होतो. उठा लागलं तं लवकर उठता आलं पाहिजे."

मी त्यांचे पाय धरले. इतकी वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याला त्यांचा मोठेपणा समजत आले होते. तो माणूस त्या हॉलमध्ये शेवटपर्यंत वाट बघत होता, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"जाऊ दे आता," ते म्हणाले. "तुले नोकरी लागली नं." आणि त्यांनी डोळे मिटले. रागाने नाही, प्रेमानेही नाही. दमले होते.

पुढच्या महिन्यात बाबा गेले. विहारात त्रिशरण-पंचशील झालं. विभागातले दोन जुने लोक आले होते. त्यांतले एक मला म्हणाले, "अक्षर काय होतं त्यांचं!" मी मान हलवली.

त्यानंतर मी नियतकालिकाला पत्र लिहिलं, की या निबंधातलं मुख्य निरीक्षण माझ्या वडिलांचं आहे, त्यांचं नाव लेखकांत घाला. आधी मॅडमना फोन केला. त्या आता निवृत्त होऊन मुलाकडे राहतात.

"आता कशाला हे?" त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील तू खोटं बोललीस."

"बोलले होते मॅडम."

"मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? मी घातलं असतं गं त्यांचं नाव. मी त्यांना तुझ्या आधीपासून ओळखत होते." त्यांनी संमतीपत्रावर सही करून पाठवली.

संपादकांचं उत्तर सभ्य होतं. हयात नसलेल्या आणि मूळ मसुदा स्वतः न पाहिलेल्या व्यक्तीला आता लेखक करता येणार नाही. मात्र त्यांच्या हातच्या मूळ नोंदी असतील तर पाठवाव्यात, म्हणजे विचार करता येईल. त्या नोंदींची राख कुठे असेल, एवढंच मला सांगता आलं असतं. शेवटी त्यांनी एक छोटी दुरुस्ती छापायचं कबूल केलं.

ती परवा आली. दोन ओळी. ओंडक्यांवरील रोपांचं पहिलं निरीक्षण आणि मूळ मोजणी अमुक यांनी केली होती. आधीच्या आभारांत हा उल्लेख राहून गेला. मी ती छापून घेतली आणि दुपारी आईपुढे ठेवली. तिला इंग्रजी येत नाही. मी मराठी करून सांगितलं.

"राहून गेला, असं लिहिलं?" तिने विचारलं.

"हो."

"राहून नाही गेला. तू राहू दिला." आवाज चढला नव्हता. ती भाजी निवडत होती, ते थांबवून तिने ओल्या हाताने कागद उचलला. "त्यांचं नाव कुठं आहे यात? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. तिने ती जागा पाहून घेतली.

"थ्यायले वाचून दाखवलं असतं तं..." ती म्हणाली. कागद माझ्या हातात देऊन ती पुन्हा मेथीच्या जुडीकडे वळली. मी तिच्यासमोर तशीच बसून राहिले, कारण उठून जायला कुठे जागा नव्हती.